न्यू जर्सीबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली सोळा वर्षं आम्ही न्यू जर्सीच्या मधल्या पट्ट्यात राहतो. मे-जून उजाडला की इथल्या मराठी घरांमध्ये भारतातून आई-वडील, मामा-मावश्या येऊ लागतात आणि पहिल्या आठवड्यात साधारण हेच प्रश्न निघतात. नव्याने नोकरीला आलेली मुलंही हेच विचारतात, फक्त जरा लाजत. दर वर्षी तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेली बरी.

न्यू जर्सी म्हणजे न्यू यॉर्कच ना?

नाही. न्यू जर्सी हे स्वतंत्र राज्य आहे. त्याचा गव्हर्नर वेगळा, विधिमंडळ वेगळं, करही वेगळे. न्यू यॉर्क शहर हडसन नदीच्या पलीकडे, न्यू यॉर्क राज्यात आहे. नदीखालून बोगदे आहेत, वर जॉर्ज वॉशिंग्टन पूल आहे आणि रोज सकाळी लाखो माणसं तिकडे कामाला जातात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

खरं तर या गैरसमजाला आम्हीही जबाबदार आहोत. गावाकडून फोन आला की "न्यू यॉर्कजवळ राहतो" असं सांगून मोकळे होतो. राज्याच्या दक्षिणेत राहणारे तसंच "फिलाडेल्फियाजवळ" म्हणतात, आणि फिलाडेल्फिया आहे पेनसिल्व्हेनियात. म्हणजे राज्याची ओळख सांगायला दोन शहरं लागतात आणि दोन्ही राज्याबाहेरची! न्यू जर्सी म्हणजे दोन्ही टोकांना तोट्या लावलेलं पिंप, अशी एक जुनी उपमा बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर सांगितली जाते. ती त्याची असो वा नसो, चपखल आहे. अमेरिकन फुटबॉलचे न्यू यॉर्क जायंट्स आणि न्यू यॉर्क जेट्स हे दोन्ही संघ घरचे सामने खेळतात ते न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डमध्ये. मैदान आमचं, पार्किंगची गर्दी आमची, नाव मात्र त्यांचं. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी निवडलेलं मैदानही हेच.

नकाशावर नेमकं कुठे?

अमेरिकेच्या ईशान्येला, अटलांटिक किनाऱ्यावर. उत्तरेला आणि ईशान्येला न्यू यॉर्क, पश्चिमेला पेनसिल्व्हेनिया, नैर्ऋत्येला डेलावेअर, पूर्वेला समुद्र. उत्तरेची सुमारे ७७ किलोमीटरची सरळ रेघ सोडली तर या राज्याच्या सगळ्या बाजूंना पाणी आहे: पूर्वेला हडसन आणि अटलांटिक, पश्चिमेला डेलावेअर नदी, खाली डेलावेअरचं आखात. जवळजवळ बेटच.

यात एक गंमत आहे. दक्षिणेकडे डेलावेअर राज्याची हद्द नदीच्या मध्यावर थांबत नाही. न्यू कॅसल गावाभोवती बारा मैलांचं वर्तुळ आखून ती ठरवलेली आहे आणि त्या वर्तुळात नदीचं पात्र पार जर्सीच्या काठापर्यंत डेलावेअरचं आहे. पुढे काठाला लागून भराव पडला, त्यामुळे जर्सीच्या बाजूला जमिनीचे एक-दोन तुकडे असे आहेत की पाणी न ओलांडता तुम्ही डेलावेअर राज्यात पाऊल टाकता. या हद्दीवरून दोन्ही राज्यांचं भांडण २००८ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चाललं होतं.

किती मोठं आहे?

पाण्यासह २२,५९१ चौरस किलोमीटर. क्षेत्रफळात पन्नास राज्यांमध्ये शेवटून चौथं. पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले तर ते न्यू जर्सीपेक्षा मोठे भरतील. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९२,८८,९९४ होती, म्हणजे २०११ साली एकट्या पुणे जिल्ह्याची होती त्याहून थोडी कमी. आपल्याला यात दाटी वाटत नाही, पण अमेरिकेच्या हिशेबाने हे सर्वांत दाट वस्तीचं राज्य आहे: जमिनीच्या एका चौरस किलोमीटरला साधारण ४८८ माणसं. उत्तर टोकापासून दक्षिणेच्या केप मेपर्यंत गाडीने साडेतीन-चार तास लागतात. ट्रॅफिक लागलं तर देवच जाणे.

जर्सी गाईचा आणि या राज्याचा काही संबंध आहे का?

आहे! आमच्या एका काकांनी हा प्रश्न चेष्टेत विचारला होता. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीत जर्सी नावाचं छोटं बेट आहे. आपल्याकडच्या गोठ्यांत पोहोचलेली जर्सी गाय मूळची त्या बेटावरची. अंगात घालायची जर्सीही तिथलीच, विणकामावरून आलेली. आणि या राज्याचं नावही.

सर जॉर्ज कार्टरेट हा त्या बेटाचा माणूस. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात त्याने राजाची बाजू घेऊन ते बेट लढवलं होतं. १६६४ साली इंग्रजांनी डचांकडून हा मुलूख घेतला. राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याने हडसन आणि डेलावेअर या दोन नद्यांमधली जमीन कार्टरेट आणि लॉर्ड बर्कली या दोघा मित्रांना देऊन टाकली. इनामच म्हणा. ड्यूकच्या पदवीवरून न्यू यॉर्क झालं आणि कार्टरेटच्या बेटावरून न्यू जर्सी. एलिझाबेथ हे शहर कार्टरेटच्या बायकोच्या नावाचं. पुढे १६७६ मध्ये पूर्व जर्सी आणि पश्चिम जर्सी अशी वाटणी झाली आणि १७०२ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाल्या. पण न्यू यॉर्ककडे तोंड करून बसलेला भाग आणि फिलाडेल्फियाकडे तोंड करून बसलेला भाग हा भेद कागदावरून पुसला गेला तरी माणसांच्या मनातून गेलेला नाही.

गोऱ्या लोकांच्या आधी इथे कोण होतं?

लेनापे लोक. हॅकेनसॅक, पसेइक, रॅरिटन, होबोकन, पर्सिपनी ही नावं त्यांच्याच भाषेतून आलेली आहेत. आपण ती रोज जीपीएसवर ऐकतो, पण ती बोलणाऱ्यांना इथून पश्चिमेकडे हुसकावून लावलं गेलं. त्यांचे बहुतेक वंशज आता ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडात आहेत. त्यांच्यानंतर डच आले, डेलावेअर नदीच्या काठाने १६३८ पासून काही वर्षं स्वीडिश लोकही होते, मग इंग्रज.

अमेरिकेच्या इतिहासात या राज्याचं काय महत्त्व?

मूळच्या तेरा वसाहतींपैकी ही एक. स्वातंत्र्ययुद्धात न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या मध्ये असल्यामुळे दोन्ही बाजूंची सैन्यं इथूनच ये-जा करायची. १७७६ च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी ओलांडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेंटनवर छापा घातला. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी माणसाला ही मोहीम समजावून सांगावी लागत नाही. आठवड्याभराने प्रिन्स्टनलाही त्याने ब्रिटिशांना हरवलं. १८ डिसेंबर १७८७ रोजी राज्यघटना मान्य करणारं हे तिसरं राज्य.

मला स्वतःला वेगळीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १७७६ च्या इथल्या घटनेत मतदाराची व्याख्या करताना "पुरुष" हा शब्द घातलेला नव्हता. पन्नास पौंडांची मालमत्ता असली की झालं. त्यामुळे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया इथे मतदान करायच्या, काही कृष्णवर्णीयही करायचे. १८०७ मध्ये विधिमंडळाने तो हक्क काढून घेतला. आणि गुलामगिरीच्या बाबतीत तर उत्तरेतल्या राज्यांमध्ये न्यू जर्सी सर्वांत मागे राहिलं. ती बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ मध्ये आधी नाकारली आणि १८६६ मध्ये मान्य केली. शाळेतल्या प्रकल्पांत मुलं वॉशिंग्टनची होडी हमखास काढतात. या गोष्टी त्यांना घरी सांगाव्या लागतात.

गाड्यांच्या नंबरप्लेटवर "गार्डन स्टेट" का लिहिलंय? बाग तर कुठे दिसत नाही.

विमानतळावरून टर्नपाइकने, म्हणजे टोलच्या महामार्गाने, घरी येताना तेलाच्या टाक्या, धुराडी आणि कंटेनरच्या चळती दिसतात, त्यामुळे हा प्रश्न गाडीतच येतो. बाग म्हणजे इथे फुलबाग नव्हे, मळा. न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियाला भाजीपाला पुरवणारं राज्य, या अर्थाने हे नाव पडलं. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एब्राहम ब्राउनिंग यांनी ते भाषणात वापरल्याचं सांगतात. नंबरप्लेटवर ते १९५४ च्या कायद्याने आलं. तेव्हाचे गव्हर्नर रॉबर्ट मेयनर यांना ते पसंत नव्हतं. त्यांनी नकाराधिकार वापरला आणि विधिमंडळाने तो धुडकावला.

शंका असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेच्या शेतकऱ्याच्या टपरीवर जा. टोमॅटो, मक्याची कणसं, पीच, ब्लूबेरी. इथला टोमॅटो कोशिंबिरीत घातला की सुपरमार्केटचा घशाखाली उतरत नाही.

डोंगर आहेत का?

सह्याद्रीची सवय असलेल्याने फार आशा ठेवू नये. सर्वांत उंच जागेचं नावच हाय पॉइंट. उंची ५५० मीटर, कळसूबाईचा एक तृतीयांश. ती वायव्येच्या कोपऱ्यात किटाटिनी डोंगररांगेवर आहे. पुढे नैर्ऋत्येला डेलावेअर नदीने ही रांग कापून केलेली खिंड आहे, ती मात्र पाहण्यासारखी. जॉर्जिया ते मेन अशी जाणारी अॅपलेशियन पायवाटही या रांगेवरून जाते. दक्षिणेकडचा निम्म्याहून जास्त भाग सपाट आणि वाळूचा.

पण सह्याद्रीच्या माणसाला इथे एक ओळखीची गोष्ट भेटते: काळा पत्थर. हडसनच्या काठाने उभे असलेले पॅलिसेड्सचे कडे आणि मध्येच दिसणाऱ्या वॉचंग टेकड्या लाव्हारसापासून झालेल्या आहेत. वॉचंग म्हणजे आपल्यासारखाच बसाल्ट, जमिनीवर पसरून थिजलेला; पॅलिसेड्सचा रस वर न येता जमिनीखालीच थिजला. इथले खाणवाले त्याला ट्रॅप म्हणतात आणि त्याची खडी फोडतात. आपल्या दख्खनच्या ट्रॅपमधला शब्द तोच, पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. फक्त वयात फरक आहे. दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, हा वीस कोटींचा. आफ्रिका आणि अमेरिका एकमेकींपासून सुटू लागल्या आणि अटलांटिक महासागर जन्माला येऊ लागला, तेव्हाचा. पॅटर्सन शहरात पसेइक नदी याच काळ्या कड्यावरून २३ मीटर खाली पडते. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने तो धबधबा पाहून १७९० च्या दशकात तिथे कारखान्यांचं गाव वसवण्याची योजना केली. पुढे ते रेशमाच्या गिरण्यांचं शहर झालं. आई-बाबांना घेऊन जायला ही माझी सर्वांत आवडती जागा. वडील धबधबा कमी आणि दगड जास्त पाहतात.

आणि समुद्र?

सँडी हूकपासून केप मेपर्यंत सुमारे २१० किलोमीटरचा किनारा आहे, बहुतेक सगळा पांढऱ्या वाळूचा. कोकणासारखे खडक आणि माडाची झाडं शोधू नका. मुख्य जमिनीपुढे वाळूची लांबट, अरुंद बेटं आहेत आणि त्यांच्यामागे खाजणं. इथे कोणी "बीचवर जातो" म्हणत नाही, "शोअरला जातो" म्हणतात. बऱ्याच गावांत उन्हाळ्यात वाळूवर बसायला बिल्ला विकत घ्यावा लागतो. समुद्राला तिकीट, यावर माझ्या सासूबाईंचा अजूनही विश्वास बसत नाही.

अटलांटिक सिटीत १८७० मध्ये लाकडी फळ्यांचा पादचारी रस्ता बांधला. हॉटेलांत आणि आगगाड्यांत वाळू येऊ नये, हा साधा हेतू. लहानपणी आपण "व्यापार" खेळायचो, तो ज्या मोनोपॉलीवरून आला त्याच्या अमेरिकन पटावरची रस्त्यांची नावं याच शहरातली आहेत. १९७८ पासून इथे कॅसिनो आहेत. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ इथून जवळच, ब्रिगँटिनपाशी जमिनीवर आलं. सीसाइड हाइट्सचा रोलर कोस्टर अख्खाच्या अख्खा समुद्रात जाऊन उभा राहिला होता.

मधला एवढा मोठा हिरवा भाग कसला आहे?

पाइन बॅरन्स. सर्वांत दाट वस्तीच्या राज्याच्या पोटात सुमारे अकरा लाख एकरांचा राखीव प्रदेश, हे ऐकून इथे राहणारेही चकित होतात. १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. वाळूची आम्लधर्मी जमीन, खुरटे पाइन, चहासारखं तपकिरी पाणी आणि वाळूखाली गोड्या पाण्याचा अफाट साठा. युरोपातून आलेल्या शेतकऱ्यांची नेहमीची पिकं इथे येईनात, म्हणून त्यांनी याला वैराण म्हटलं. त्याच जमिनीवर एलिझाबेथ व्हाइट या शेतकऱ्याच्या मुलीने फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर रानटी ब्लूबेरी माणसाळवली. जंगलात हिंडणाऱ्या स्थानिक लोकांना मोठ्या फळांची झुडपं दाखवल्याबद्दल ती पैसे द्यायची. १९१६ मध्ये पहिलं पीक बाजारात गेलं. आज डब्यातून शाळेत जाणाऱ्या ब्लूबेरीची आजी या रानातली आहे.

जर्सी डेव्हिल नावाचं पंखवालं भूतही इथलंच. इथल्या आइस हॉकी संघाला त्याचंच नाव आहे.

राजधानी कोणती?

ट्रेंटन, डेलावेअर नदीच्या अगदी काठावर. पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया. सर्वांत मोठं शहर नेवार्क. २०२० मध्ये तिथे ३,११,५४९ लोक होते आणि दुसऱ्या क्रमांकाचं जर्सी सिटी फार मागे नव्हतं. १९५६ साली जगातली आधुनिक कंटेनर वाहतूक सुरू झाली ती नेवार्कच्या बंदरातून: आयडियल एक्स हे जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं. न्हावा शेव्याला जे डबे दिसतात त्यांचं मूळ इथे.

टाउनशिप, बरो, काउंटी... पत्ता नक्की कसा समजायचा?

इथेच सगळे गळपटतात. राज्यात २१ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, आणि त्यांच्यात ५६४ नगरपालिका. एवढ्याशा राज्यात! त्यातल्या कोणाला सिटी म्हणतात, कोणाला टाउन, टाउनशिप, बरो किंवा व्हिलेज; अधिकारांत फार मोठा फरक नाही. प्रत्येकाचा महापौर किंवा समिती, बहुतेकांचे स्वतःचे पोलीस, आणि बहुतेक ठिकाणी शाळाही स्वतंत्र. घरपट्टी देशात सर्वांत जड असण्याचं एक कारण हेही सांगितलं जातं.

पोस्टाचा पत्ता आणि नगरपालिका एकच असतील असं नाही. आयसेलिन हे पत्त्यावरचं नाव. कारभार वुडब्रिज टाउनशिपचा. मटाचन हा बरो सगळ्या बाजूंनी एडिसनने वेढलेला आहे, मेदुवड्याच्या भोकासारखा. वॉशिंग्टन टाउनशिप एक नाही, पाच आहेत, वेगवेगळ्या काउंट्यांत. आज अक्षरधाम मंदिरासाठी ओळखलं जाणारं रॉबिन्सव्हिलही पूर्वी सहावं वॉशिंग्टनच होतं. आम्ही पहिल्या वर्षी एका बारशाला तास-दीड तास चुकीच्या वॉशिंग्टनमध्ये फिरलो. तेव्हापासून निमंत्रण आलं की आधी काउंटी विचारतो.

मग लिबर्टीचा पुतळा कोणाचा?

बेट न्यू यॉर्कचं, आजूबाजूचं पाणी न्यू जर्सीचं. शेजारच्या एलिस बेटाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला: मूळचं लहानसं बेट न्यू यॉर्कचं आणि नंतर भराव घालून वाढवलेला बराच मोठा भाग न्यू जर्सीचा. पाहुण्यांना पुतळा दाखवायचा असेल तर मॅनहॅटनला जायची गरज नाही. जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून बोट सुटते.

उत्तर जर्सी, दक्षिण जर्सी, मध्य जर्सी: हे काय प्रकरण आहे?

पूर्व-पश्चिमेची जुनी वाटणी आता उत्तर-दक्षिण झाली आहे. उत्तरेतले न्यू यॉर्कच्या संघांना टाळ्या देतात, दक्षिणेतले फिलाडेल्फियाच्या. न्याहारीच्या सँडविचमधल्या डुकराच्या मांसाला उत्तरेत टेलर हॅम म्हणतात, दक्षिणेत पोर्क रोल, आणि यावरून खरोखर वाद होतात. आपल्यासारख्या पोहेवाल्यांनी त्यात पडू नये. मध्य जर्सी अस्तित्वात आहे की नाही हा त्याहून मोठा वाद. २०२३ मध्ये पर्यटनाच्या नकाशासाठी कायदाच करून तो भाग मान्य करावा लागला. आम्ही मधल्या पट्ट्यातले, आम्हाला कधीच शंका नव्हती.

एडिसन हे गाव त्याच एडिसनचं का? आणि आपली इतकी माणसं इथे कशी?

त्याचंच. थॉमस एडिसनने १८७६ मध्ये मेन्लो पार्कला प्रयोगशाळा थाटली. १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये विजेचा दिवा. तो भाग तेव्हा रॅरिटन टाउनशिपमध्ये होता; १९५४ मध्ये टाउनशिपने त्याचं नाव घेतलं.

आपली माणसं आली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर: आधी डॉक्टर, इंजिनिअर, मग संगणकवाले. औषध कंपन्या, टेलिफोनच्या प्रयोगशाळा, न्यू यॉर्कला जाणारी रेल्वे आणि बऱ्या शाळा एका पट्ट्यात होत्या. आज लोकसंख्येच्या प्रमाणात सर्वांत जास्त भारतीय याच राज्यात आहेत. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर लोणच्यापासून लग्नाच्या शालूपर्यंत सगळं मिळतं. पण हे सगळं आपोआप झालेलं नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत "डॉटबस्टर्स" नावाची टोळी कुंकू लावणाऱ्या बायकांवरून नाव घेऊन भारतीयांवर हल्ले करत होती. आजच्या गर्दीत हे फार थोड्यांना माहीत असतं.

मराठी विश्व हे इथलं मोठं मंडळ. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२२ चं अधिवेशन अटलांटिक सिटीत झालं. कॅसिनोच्या शहरात नऊवारी आणि फेटे पाहून तिथल्या लोकांनी भरपूर फोटो काढले.

कधी यावं?

ऑक्टोबर. झाडं पिवळी-लाल होतात, हवा महाबळेश्वरची. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ, जुलैत तिशीपार उन्हाळा आणि घाम. पाऊस वर्षभर थोडा थोडा, पावसाळा असा ऋतू नाही. भारत उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा.

राज्यपक्षी, राज्यफूल वगैरे?

पिवळा गोल्डफिंच, व्हायोलेट. झाड रेड ओक, प्राणी घोडा, कीटक मधमाशी, फळ ब्लूबेरी. राज्याचा डायनोसॉरसुद्धा आहे: हॅड्रोसॉरस, १८५८ मध्ये हॅडनफील्डला सापडलेला.

पेट्रोल भरताना तुम्ही गाडीतून का उतरत नाही?

कारण कायद्याने बंदी आहे. १९४९ पासून इथे ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरायचं नाही, पंपावरचा माणूसच भरतो. २०२३ मध्ये ओरेगॉननेही मोकळीक दिली, आता असं राज्य एकच उरलं. त्यामुळे शेजारच्या राज्यात गेलं की माझी कॉलेजला जाणारी मुलगी पंपाजवळ गाडी लावते, काच खाली करते आणि वाट पाहत बसते.